आठवड्याची पुडी

आमच्या गल्लीत शिंक आली की माणूस आधी कुसुमभाभींच्या खिडकीकडे बघतो, कारण ती खिडकी धाडकन बंद होणार हे ठरलेलं असतं. पाहुणा नवा असेल तर त्याला वाईट वाटतं. आम्हा जुन्या लोकांना हसू येतं. मी तर मुद्दाम खोटं शिंकून बघितलेलं आहे.

मी कोकिळा पाटील. शिरपुरात शाळेवर शिकवते, स्वभावानं चिडकी आहे आणि कुसुमभाभींच्या दारासमोर माझं दार आहे. कुसुमलता ज्ञानचंद संकलेचा हे त्यांचं पूर्ण नाव. ज्ञानचंदभाऊंचं बाजारात किराण्याचं होलसेल दुकान आहे. मूळ राजस्थानातलं घराणं, पण तिकडचं गावसुद्धा आता कुणी पाहिलेलं नाही. घरात आपसात मारवाडी, गल्लीत मराठी आणि ताईबाईशी भांडताना चक्क अहिराणी बोलतात. ताईबाई म्हणजे आम्हा दोघींकडे धुणं-भांडी करणारी बाई.

भाभींना जंतूंची भीती. भीती म्हणजे किती, तर हात धुवायचा साबण वेगळा, भाजी धुवायचं पाणी वेगळं आणि दाराच्या कडीला पुसायचं फडकं वेगळं. ज्ञानचंदभाऊ दुकानातून आले की किल्ल्या साबणाच्या पाण्यात पडायच्या आणि भाऊ न्हाणीघरात. फरशी पुसायच्या पाण्यात त्या जंतुनाशक इतकं ओतायच्या, की त्यांच्या ओसरीवर बसलं की आपण दवाखान्यात बसलोय असं वाटायचं. ताईबाई म्हणायची, "भाभी, गावना बठ्ठा साबण तुमीच खपाडतस!" भाभी म्हणायच्या, "तू आधी हात धू."

एकदा मी त्यांना चिडवायला म्हटलं, "भाभी, मुंगी मरू नये म्हणून तुम्ही खाली बघून चालता. या बाटलीवर लिहिलंय, सगळे जंतू मारते. मग ते काय जीव नाहीत?"

मला वाटलं हसतील. त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी जैन स्थानकात जाऊन त्यांनी तिथल्या साध्वींना, महासतीजींना विचारलं. महासतीजी म्हणाल्या, की घर आधीच स्वच्छ ठेवावं म्हणजे जीव उत्पन्नच होत नाहीत, मग मारायची वेळ येत नाही. भाभींनी त्यातलं स्वच्छ ठेवायचं तेवढं घेतलं आणि बाटली काही सोडली नाही. पण तेव्हापासून संध्याकाळच्या प्रतिक्रमणात, म्हणजे दिवसभराच्या चुकांची क्षमा मागायच्या पाठात, भाभी त्या जंतूंचीसुद्धा माफी मागायला लागल्या. सकाळी मारायचं आणि संध्याकाळी क्षमा मागायची, असा त्यांचा रोजचा क्रम झाला. मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो.

हसणं कमी झालं ते कोरोनात. तेव्हा दोन वर्षं अख्खं गाव कुसुमभाभी झालं होतं. जो तो हात धूत होता, जो तो खिडकी लावत होता. भाभी आपल्या ओट्यावर आणि मी माझ्या, अशा आम्ही लांबून बोलायचो. तेव्हा त्यांनी मला अखिलबद्दल सांगितलं. त्यांचं माहेर पिंपळनेरचं. अखिल त्यांचा धाकटा भाऊ. उन्हाळ्यात कुठल्या तरी लग्नात तो बाहेरचं पाणी प्यायला, रात्री उलट्या-जुलाब लागले आणि दुसऱ्या दिवशी पोरगं हातातून गेलं. त्यांची आई पुढे मरेपर्यंत एकच वाक्य बोलत राहिली, की पाणी उकळून दिलं असतं तर. लग्नात त्याचं बोट धरून फिरत होती ती कुसुम. तिला कुणी काही बोललं नाही. पण ते वाक्य रोज तिच्यासमोर बोललं जायचं.

हे ऐकल्यावर मी खोटं शिंकणं बंद केलं.

कोरोना गेला आणि भाभींच्या स्वयंपाकघरात दुसरं खातं उघडलं. आधी सगळं मारायचं सामान होतं, आता भरायचं सामान आलं. क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या, झिंक, कॅल्शियम, सकाळची मल्टिव्हिटॅमिन. मसाल्याच्या डब्याशेजारी तसलाच एक गोल स्टीलचा डबा, त्याच्या वाट्यांत जिऱ्या-मोहरीच्या जागी गोळ्या. मऊ पारदर्शक कॅप्सूल मात्र घरात यायची नाही. तिचं आवरण जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. त्यामुळे त्या दुकानात उभ्या राहून हिरवा ठिपका शोधायच्या. ज्ञानचंदभाऊ म्हणायचे, "माझ्या दुकानात इतका माल नाही, जितका हिच्या डब्यात आहे."

पण हे खूळ आलं होतं त्यांच्याच दुकानातून. किराण्याच्या घरात जन्मलेल्या आणि किराण्याच्या घरात दिलेल्या बाईला एक गोष्ट आईच्या दुधाबरोबर शिकवलेली असते, की सीझनच्या आधी माल भरून ठेवायचा. दिवाळीची साखर दिवाळीत घेत नाहीत. पावसाळ्यात घाट बंद पडायच्या आत तेल गोदामात हवं. गोदाम भरलेलं असलं की मग बाहेर काही का होईना, घाबरायचं कारण नाही. भाभी हे शब्द नेहमी बोलायच्या.

मग घरात विधी आली. रोनकची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाची बायको. जळगावची, एम.कॉम. झालेली, हसरी पोर. गृहप्रवेशाला ती उंबऱ्यावर उभी आणि भाभींनी तिच्या मेंदीभरल्या हातांवर सॅनिटायझर ओतलं. व्हिडिओवाला थबकला. विधीच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. विधीनं हात चोळले, वास घेतला आणि पुन्हा पुढे धरून म्हणाली, "मम्मीजी, अजून थोडं." त्या दिवसापासून ती भाभींची झाली. सुनेसाठी त्या चहा करायच्या आणि सून त्यांच्यासाठी दुकानातून हिरवा ठिपका शोधून आणायची. माझी सून असती तर मी इतकी गोड वागले नसते, हे मी मोकळेपणानं सांगते.

गेल्या उन्हाळ्यात विधीचे पाय दुखायला लागले. जिना चढली की दमायची. रोनक तिला धुळ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व फार कमी निघालं. डॉक्टरांनी पावडरीची पुडी लिहून दिली. दुधात टाकायची, आठवड्यातून एक. तेही थोडेच आठवडे, मग पुन्हा तपासणी. विधीचे पाय महिन्याभरात दुखायचे थांबले. भाभींनी हे बघितलं आणि त्यांचा त्या पुडीवर देवासारखा विश्वास बसला.

आषाढी चौदसेला चातुर्मास लागला आणि विधीनं घरात जाहीर केलं, की पर्युषणात मी अठ्ठाई करणार. अठ्ठाई म्हणजे आठ दिवसांचा सलग उपवास. अन्नाचा कण नाही. फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. सूर्य मावळला की थेंबही नाही. घरात आनंदीआनंद झाला. रोनकनं सासऱ्यांना फोन लावला, पत्रिका छापायचं बोलणं निघालं. भाभी हसत होत्या. पण संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या तेव्हा ते हसू कुठेच नव्हतं.

"आठ दिवस, कोकिळाताई. मागच्या महिन्यात जिना चढत नव्हती ती."

"मग नाही म्हणा. सासू आहात."

"नाही म्हणता येत नाही. कुणाच्या तपाला आडवं आलं की अंतराय लागतो. ते पाप जन्मभर फिटत नाही."

मग त्यांनी काय केलं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घरातही कुणाला माहीत नव्हतं. आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सांगते. त्यांनी सुनेचं गोदाम भरायला घेतलं. आठ दिवस माल येणार नाही, तर आधीच भरून ठेवू. आठवड्याला एक पुडी घेऊन पोरगी चालायला लागली, तर रोज एक घेऊन किती ताकद येईल, हा त्यांचा हिशोब. दोन वेगवेगळ्या दुकानांतून त्या पुड्या आणायच्या. नेहमीचं गिऱ्हाईक, कुणी चिठ्ठी मागितली नाही. सकाळी केशर-वेलचीच्या दुधात पुडी मिसळायची आणि वर कॅल्शियमची गोळी. हात साबणानं धुऊन, पेला उकळत्या पाण्यातून काढून त्या रोज स्वतः हे दूध विधीच्या हातात द्यायच्या. विधी रोज "मम्मीजीचं दूध" म्हणून ते पिऊन टाकायची.

पर्युषण जवळ आलं तशी विधीला मळमळ सुरू झाली. पोट साफ होईना. तहान तर इतकी, की बाटली हातातून सुटेना. बायकांनी एकमेकींना डोळे मारले. मीही मारला. विधीनं लाजत तपासून पाहिलं, तसं काही नव्हतं. मग पित्त असेल असं ठरलं. उपवासानं पित्त मरतं असंही कुणीतरी म्हणालं आणि अठ्ठाई सुरू झाली.

पहिले तीन दिवस बरे गेले. दुपारी बायका जमायच्या, तपाची गाणी म्हणायच्या, विधी मधोमध बसून हसायची. जळगावहून तिची आई आली. येणारा प्रत्येक जण विधीला साता विचारायचा, म्हणजे बरं आहे ना, सुख आहे ना, आणि त्याआधी दारात भाभी त्याच्या हातावर सॅनिटायझर टाकायच्या. चौथ्या दिवशी विधीचं डोकं ठणकायला लागलं. पाचव्या दिवशी तिनं प्यायलेलं सगळं पाणी उलटून टाकलं. गल्लीतले डॉक्टर आले, बीपी बघून गेले. उपवासात असा अशक्तपणा येतो, वाटलं तर सोडा म्हणाले. विधी "सोडणार नाही" म्हणाली आणि जमलेल्या बायकांनी तिचं कौतुक केलं.

सहाव्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा ताईबाई माझ्याच दारात उभी होती. ती घाबरलेली मी कधी पाहिलेली नव्हती.

"ताई, पोर माले वळखत नही."

"काय बोलतेस?"

"माले म्हने, तू कोन शे? आनि पानी मांगस, पानी मांगस, थांबतच नही."

मी पिशवी तिथंच टाकली. विधी आतल्या खोलीत पडली होती. ओठ सुकलेले, डोळे अर्धे उघडे. बायका हलक्या आवाजात गात होत्या. तिची आई कपाळावर ओला रुमाल ठेवत होती. मी "विधी" म्हणून हाक मारली, तर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या शाळेतल्या कुठल्या तरी बाईंचं नाव घेतलं. मग म्हणाली, "बाई, बेल झाली का?" दोन बायका हसल्या. मी भाभींना शोधायला वळले.

भाभी खोलीत नव्हत्या. स्वयंपाकघरात नळ चालू होता. त्या हात धूत होत्या. साबण लावायचा, धुवायचा, पुन्हा लावायचा. बोटं लाल झाली होती. मी नळ बंद केला तर त्यांनी माझा दंड ओल्या हातानं घट्ट धरला.

"कोकिळाताई, पुडी जास्त झाली तर काय होतं?"

"कुठली पुडी?"

त्यांनी ओट्याखालचा डबा ओढला. पिठाचा मोठा डबा होता, आणि त्यात रिकाम्या पुड्या भरलेल्या होत्या. कचऱ्यात टाकल्या तर ताईबाई विचारेल म्हणून त्यांनी त्या साठवल्या होत्या. मी एक उचलली. कोपऱ्यात बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार घ्यावी. एवढंच.

"रोज?" मी विचारलं.

"चौदसपासून." त्यांनी माझ्या हातातली पुडी काढून परत डब्यात टाकली. "मला वाटलं, जीवनसत्त्व आहे. विष थोडंच आहे. मला भीती वाटते हो. मी मारलं का तिला?"

मला यातलं काही कळत नव्हतं. पुडी जास्त झाल्यानं माणूस बरळतो का, हे शाळेत शिकवणारी बाई काय सांगणार? मी म्हटलं, "धुळ्याच्या डॉक्टरांना फोन लावा." त्यांना नंबर दाबता येईना. मी त्यांच्या मोबाइलवरून लावला आणि स्पीकर सुरू केला.

डॉक्टरांनी आधी शांतपणे ऐकलं. आठवड्याची पुडी रोज दिली, हे ऐकल्यावर त्यांनी भराभर प्रश्न विचारले. उलटी? तहान? बोलणं बरोबर आहे का? लघवी किती? मी उत्तरं देत गेले. शेवटी ते म्हणाले, "हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही. अंगातच साठतं. रक्तात कॅल्शियम चढतं. ते मूत्रपिंडं खराब करतं, मेंदूवर येतं, हृदय बंद पाडू शकतं. आत्ताच्या आत्ता निघा. आणि पाणी थांबवू नका. वाटेत घोट घोट पाजत राहा. उपवास, सूर्य, काही बघू नका."

'साठतं' हा शब्द आला तशा भाभी खाली बसल्या.

आता हे बाहेर सांगायला हवं होतं. बाहेर घरभर माणसं होती. विधीची आई होती, व्याही संध्याकाळी यायचे होते, स्थानकातल्या बायका होत्या. मी म्हटलं, "मी सांगते. जास्त बोलत नाही, डॉक्टरांनी बोलावलंय एवढंच सांगते." भाभी 'नाही' अशी मान हलवत उठल्या. पदर सारखा केला आणि माझ्या पुढे चालायला लागल्या. चौकटीला धरून त्या दारात थांबल्या.

"गाणं बंद करा," त्या म्हणाल्या. "हिला तपाचा त्रास नाही. मी हिला औषध घातलं. न विचारता, रोज. आठवड्याचं रोज घातलं. डॉक्टर म्हणतात, जीव जाऊ शकतो."

ज्ञानचंदभाऊ ओसरीवरून आत आले. बायकोकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मी ओरडाआरडा होईल म्हणून अंग चोरून उभी होते. ते फक्त म्हणाले, "रोनक, गाडी काढ." मग विधीच्या आईकडे वळून म्हणाले, "उपवासाचं पच्चक्खाण घेतानाच सूट ठेवलेली असते, बाई. जीवावर बेतलं तर औषध चालतं. तप मोडत नाही. तुम्ही चला."

रोनक गाडी चालवत होता. मी त्याच्याशेजारी बसले, कारण भाभी माझा हात सोडेनात आणि शेवटी मलाच गाडीत बसावं लागलं. मागे मधे विधी, एका बाजूला तिची आई, दुसऱ्या बाजूला भाभी. शिरपूर सुटलं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. विधीचं डोकं भाभींच्या खांद्यावर कललं. तिच्या आईनं ते उचलून आपल्याकडे घेतलं. पुन्हा कललं, पुन्हा घेतलं. भाभींनी हात आपल्याच मांडीवर ठेवले, मुठी मिटून.

मी आरशात बघत होते आणि मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटलेली नाही. विधी मधूनच गप्प व्हायची, इतकी गप्प, की आम्ही तिघी एकदम तिच्या छातीकडे बघायचो. मग ती "पाणी" म्हणायची आणि आमचा श्वास सुटायचा. आई बाटली लावायची. दोन घोट जायचे, त्यातला एक बाहेर यायचा. रोनक पुढच्या ट्रकवर इतका जोरात हॉर्न वाजवत होता, की मी त्याला थांब म्हणाले आणि लगेच थांबू नको म्हणाले.

सोनगीरच्या किल्ल्यामागे सूर्य गेला. समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे एकामागून एक लागले. त्याच वेळी विधीला पुन्हा तहान लागली. आईनं बाटली ओठाला लावली आणि विधीनं तोंड फिरवलं.

"सूर्य?" ती म्हणाली.

"बेटा, डॉक्टरांनी सांगितलंय. पी."

तिनं ओठ घट्ट मिटले. कशाची शुद्ध नव्हती, पण हे तिच्या आत कुठेतरी पक्कं होतं. आईनं विनवलं, रागावली, रडायला लागली. विधी मान हलवत राहिली. जिभेनं ती सुकलेले ओठ चाटत होती आणि तरी पीत नव्हती. मग क्षीण आवाजात तिनं विचारलं, "मम्मीजी, सूर्य गेला का?"

एक सांगायला हवं. स्थानकातून दर वर्षी सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापलेला कागद येतो. भाभींच्या देवघराशेजारी तो लावलेला असतो आणि त्या मिनिटभर आधी पेला पालथा घालतात. एकदा माझ्याकडे हळदीकुंकवाला त्या सरबत अर्धं टाकून उठल्या होत्या, वेळ झाली म्हणून. आयुष्यात त्यांनी या बाबतीत कुणाला फसवलेलं नाही, स्वतःलाही नाही.

त्यांनी विधीच्या आईच्या हातातून बाटली घेतली. खिडकीच्या बाहेर सगळं करडं झालेलं होतं.

"नाही बेटा," त्या म्हणाल्या. "आहे अजून. मी बघतेय ना. पी."

विधी प्यायली. घोटाघोटानं, थांबत थांबत, धुळ्याच्या फाट्यापर्यंत ती पीत राहिली आणि भाभी दर घोटाला म्हणत राहिल्या, आहे अजून, आहे अजून. विधीच्या आईनं मुलीचं डोकं सोडून दिलं. ते भाभींच्या खांद्यावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

दवाखान्यात तिला थेट अतिदक्षता विभागात नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. सलाईन, इंजेक्शनं, दर काही तासांनी पुन्हा रक्त. मूत्रपिंडांना मार बसला होता. किती, ते लगेच सांगता येणार नाही म्हणाले. आम्ही बाहेर बाकावर. भाभी भिंतीवरच्या सॅनिटायझरच्या बाटलीसमोर उभ्या राहायच्या, हात पुढे करायच्या आणि मागे घ्यायच्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "कशाला लावायचं? धुतलेल्याच हातांनी दिलं मी." मी सुद्धा त्यांच्याशेजारी तशीच उभी राहिले.

संवत्सरीच्या दिवशी विधीला शुद्ध होती. पर्युषणाचा तो शेवटचा दिवस. सगळे एकमेकांना मिच्छामि दुक्कडं म्हणतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा. मलाही दर वर्षी तीस-चाळीस जण म्हणतात आणि मोबाइलवर तर फुलांच्या चित्रांचा पूर येतो. भाभींचा स्वतःचा त्या दिवशी उपवास होता. भेटायच्या वेळेत त्या आत गेल्या, मी मागे उभी. विधीच्या हाताला सलाईन, चेहरा सुजलेला. भाभी पायाशी उभ्या राहिल्या. जवळ जायची हिंमत होत नव्हती.

"मिच्छामि दुक्कडं," त्या म्हणाल्या, आणि मग हुंदका आला. "तुझ्या दुधात मी घातलं. तुझं तप मी मोडलं. आणि सूर्याचं पण खोटं बोलले. सूर्य गेला होता, बेटा. तुला रात्रीचं पाणी पाजलं मी."

विधीनं मोकळा हात थोडा उचलला. बोलायला तिला कष्ट पडत होते.

"मला माहीत होतं, मम्मीजी," ती म्हणाली. "ट्रकचे दिवे लागले होते."

"मग का प्यायलीस?"

"तुम्ही किती घाबरला होतात."

भाभींनी पलंगाची दांडी धरली. त्या रडल्या नाहीत. मीच बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. मला माणसांसमोर रडायला आवडत नाही.

आता विधी घरी आहे. दर महिन्याला धुळ्याला तपासणीला जाते. डॉक्टर म्हणतात मूत्रपिंडं सावरतायत, पण शेवटचा शब्द ते अजून देत नाहीत. प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी भाभी माझ्या ओट्यावर येऊन बसतात आणि आम्ही दोघी घाबरतो. गोळ्यांचा गोल डबा त्यांनी घासून ताईबाईला देऊन टाकला. ताईबाई त्यात मोहरी ठेवते. साबण मात्र तितकाच लागतो आणि खिडकी अजून धाडकन बंद होते.

दूध त्या करून देत नव्हत्या. पाण्याचा पेलासुद्धा सुनेच्या हातात द्यायला धजत नव्हत्या, रोनककडे देऊन पाठवायच्या. परवा सकाळी मी वाटीभर साखर मागायला गेले होते. विधी स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "मम्मीजी, दूध."

भाभींनी पेला उकळत्या पाण्यातून काढला. दूध ओतलं. साखरसुद्धा घातली नाही. मग तो पेला त्यांनी आधी स्वतः अर्धा पिऊन दाखवला, आणि उष्ट्याला इतकी घाबरणारी ती बाई तोच पेला सुनेपुढे धरून उभी राहिली. विधीनं तो घेतला आणि न पुसता तोंडाला लावला.